एडिटरमधला कर्सर पुन्हा पुन्हा जाड का होतो? स्क्रीन रीडर असलेल्या संगणकासाठी समस्या निवारण

"कर्सर जाड झालाय बघा, आणि टाइप केलं की पुढचं अक्षर खातंय." बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानांत, खानापूर-निपाणीच्या संगणक केंद्रांत, कॉलेजच्या लॅबमध्ये ही तक्रार वरचेवर येते. बहुतेक वेळा ती अशा संगणकाबद्दल असते ज्यावर दिवसातला काही वेळ एखादी अंध किंवा दृष्टी अधू असलेली व्यक्ती काम करते. मग कुणीतरी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरकडे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बोट दाखवतं आणि सांगतं, "ते सॉफ्टवेअर काढून टाका, सगळं ठीक होईल."

तसं करू नका. एक तर त्याने समस्या बहुधा जात नाही, ती दोन दिवसांनी परत येते. दुसरं म्हणजे ज्याचं सगळं काम त्या आवाजावर चालतं, त्याच्या हातातला संगणकच तुम्ही काढून घेता. या पट्ट्यात आधीच एकेका माणसाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत टाइप करावं लागतं. डोळ्यांची अडचण असूनही हे शिकलेल्या माणसाला आपल्या सोयीसाठी मागे ढकलायचं कारण नाही. आणि तशी वेळ येतही नाही, कारण कर्सरच्या प्रत्येक बदलाचं मूळ सापडतं आणि तेवढंच बदलता येतं.

आधी ग्राहकाला किंवा विद्यार्थ्याला एक गोष्ट विचारून घ्या: माउसचा बाण बिघडलाय की मजकुरातली लुकलुकणारी रेघ? दोन्हींना कर्सरच म्हणतात, पण त्यांची सेटिंग्ज वेगळी आहेत. हे सगळं निवारण मजकुरातल्या रेघेबद्दल आहे.

कर्सर कोण काढतंय ते आधी शोधा

पडद्यावर दिसणारी ती रेघ सगळीकडे एकाच ठिकाणाहून येत नाही. साध्या खिडक्यांत ती विंडोज काढतं. व्हीएस कोड हा कोड आणि मजकूर लिहायचा एडिटर मात्र मुख्य मजकुरातला कर्सर स्वतः रंगवतो. नोटपॅड प्लस प्लससुद्धा दिसणारा कर्सर स्वतःच रंगवतो, आणि स्क्रीन रीडर व पडदा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाला (मॅग्निफायर) जागा कळावी म्हणून विंडोजचा एक अदृश्य कर्सर त्याच जागी ठेवतो. याशिवाय एनव्हीडीए, नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर किंवा विंडोजचा कर्सर-दर्शक (टेक्स्ट कर्सर इंडिकेटर) या सगळ्यावर आपली चौकट किंवा रंगीत खूण आणखी वरून चढवतात.

म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. रनची छोटी खिडकी उघडेल. तिच्यात दोन शब्द टाइप करा आणि कर्सर बघा. मग तोच कर्सर तुमच्या एडिटरमध्ये बघा.

रनच्या खिडकीतही रेघ जाड असेल, तर बदल विंडोजमध्ये आहे. रनमध्ये बारीक आणि एडिटरमध्ये जाड असेल, तर एडिटरचं स्वतःचं काहीतरी आहे. रेघ बारीकच आहे पण तिच्या वर-खाली रंगीत गोळे किंवा भोवती चौकट दिसते, तर दुसऱ्या कुठल्या तरी सोयीने ती खूण चढवली आहे. इतकं कळलं की निम्मं काम झालं. चाचणी न करता सरळ सेटिंग्जमध्ये शिरलं, की माणूस चार ठिकाणी चार गोष्टी बदलतो आणि शेवटी नेमकं कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: इन्सर्ट

जाड ठोकळ्यासारखा कर्सर आणि पुढचं अक्षर खाणं ही दोन लक्षणं एकत्र असतील, तर बाकी काही तपासण्याआधी इन्सर्ट बटणाकडे बघा. एडिटर ओव्हरटाइप अवस्थेत गेलेला असतो. या अवस्थेत नवीन अक्षर जुन्याला पुढे सरकवत नाही, त्याची जागा घेतं. लिबरऑफिस रायटरमध्ये अशा वेळी कर्सर ठोकळा होतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये खालच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आयएनएसच्या जागी ओव्हीआर दिसतं. व्हीएस कोडमध्ये पूर्वी ही अवस्थाच नव्हती. २०२४ च्या अखेरीस आलेल्या १.९६ आवृत्तीपासून ती आली, आणि तिथेही खालच्या पट्टीत ओव्हीआर असं दिसतं. म्हणूनच, "इतकी वर्षं व्हीएस कोड वापरतोय, असं कधी झालं नव्हतं" असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं असतं.

आता याचा स्क्रीन रीडरशी संबंध कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण संबंध आहे, पण लोक समजतात तो नाही.

एनव्हीडीएला आज्ञा देताना एक ठरावीक बटण धरून दुसरं बटण दाबावं लागतं. हे धरायचं बटण मुळात इन्सर्ट असतं, मुख्य कळफलकावरचंही आणि अंकांच्या बाजूचंही. एनव्हीडीए चालू असताना तो इन्सर्ट स्वतःकडे ठेवून घेतो आणि एडिटरपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे स्क्रीन रीडर चालू असेपर्यंत सहसा ओव्हरटाइप लागतच नाही. फक्त इन्सर्ट पटापट दोनदा दाबलं, तर दुसऱ्या वेळी ते एडिटरला मिळतं.

गडबड होते ती एनव्हीडीए बंद झाल्यावर. आवाज नकोसा झालेला दुसरा कुणीतरी एनव्हीडीए बंद करतो. एनव्हीडीए वापरणाऱ्या आपल्या अंध सहकाऱ्याची बोटं मात्र सवयीने इन्सर्ट दाबतात, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा दाबतात. आता ते बटण सरळ एडिटरला जातं आणि ओव्हरटाइप लागतो.

दुसरी वाट आणखी लपलेली आहे. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत अंकांच्या बाजूच्या बटणांवर वाचनाच्या आज्ञा असतात: मागची ओळ, चालू शब्द, पुढचं अक्षर वगैरे. त्या चालण्यासाठी नमलॉक बंद ठेवावा लागतो. सहकारी काम संपवून उठतो, नमलॉक बंदच राहतो. मागून येणारा उताऱ्यातला सर्व्हे नंबर किंवा बिलाची रक्कम टाइप करायला बसतो आणि अंकांच्या बाजूचा शून्य दाबतो. नमलॉक बंद असताना तो शून्य नसतो, तो इन्सर्ट असतो. शून्य उमटत नाही, कर्सर मात्र ठोकळा होतो. आकड्यांचं काम जिथे जास्त, तिथे ही तक्रार जास्त का येते, ते यातून कळतं. आणि एनव्हीडीए काढून टाकूनही ती का जात नाही, तेही कळतं: तो असताना उलट इन्सर्ट अडवला जात होता.

मराठी मजकुरात ओव्हरटाइपचा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो. 'निपाणी' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या साठवणीत ती सहा चिन्हं आहेत: न, पहिली वेलांटी, प, काना, ण, दुसरी वेलांटी. ओव्हरटाइप चिन्ह मोजून खाणार की पूर्ण अक्षर मोजून, हे प्रोग्रामवर अवलंबून आहे. चिन्ह मोजणाऱ्या प्रोग्रामात एक व्यंजन बदलायला जावं तर जुनी वेलांटी नव्या अक्षराला चिकटते, किंवा काना एकटाच लोंबकळत राहतो. 'चिक्कोडी'सारख्या जोडाक्षराच्या शब्दात तर शब्दाचा पार चुरा होतो. लग्नपत्रिकेत किंवा अर्जात गावाचं नाव असं बिघडलेलं दिसलं, की दोष फाँटला दिला जातो. फाँट बदलण्याआधी खालच्या पट्टीत ओव्हीआर आहे का ते बघा.

उपाय: नमलॉक चालू करा, मग मुख्य कळफलकावरचं इन्सर्ट एकदा दाबा (एनव्हीडीए चालू असेल तर पटापट दोनदा). ज्या लॅपटॉपवर इन्सर्ट वेगळं नाही, तिथे ते एफएन धरून दुसऱ्या बटणावर असतं. व्हीएस कोडमध्ये एफ-वन दाबून आज्ञांची यादी उघडा आणि 'टॉगल ओव्हरटाइप' असं शोधलं तरी चालेल. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या मार्गाने जाऊन 'यूज द इन्सर्ट की टू कंट्रोल ओव्हरटाइप मोड' यापुढची खूण काढली की तिथे इन्सर्टने काही होत नाही.

पण हे झालं त्या वेळेपुरतं. पुन्हा होऊ नये म्हणून सहकाऱ्याला विचारून एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये धरायचं बटण कॅप्सलॉक करता येतं आणि इन्सर्ट मोकळं सोडता येतं. लॅपटॉपवर काम करणाऱ्या पुष्कळ जणांना कॅप्सलॉकच सोयीचं वाटतं. विचारून म्हणालो, कारण बोटांची सवय बदलायला वेळ लागतो आणि ती बोटं त्याची आहेत. त्याला इन्सर्टच हवं असेल तर ते राहू द्या आणि नमलॉककडे तुम्ही लक्ष ठेवा.

व्हीएस कोड स्वतःला स्क्रीन रीडरसाठी बदलतो तेव्हा

यात कर्सर ठोकळा होत नाही, पण लोक म्हणतात, "कर्सर गायब झाला", "ओळ सरळ बाहेर पळाली", "कोड मिटत नाही". खालच्या पट्टीत उजवीकडे 'स्क्रीन रीडर ऑप्टिमाइज्ड' असं लिहिलेलं दिसत असेल, तर कारण हेच.

स्क्रीन रीडर चालू असल्याची चाहूल लागली की व्हीएस कोड एका वेगळ्या रीतीत जातो. त्या रीतीत कोडच्या घड्या घालणं, उजवीकडचा छोटा नकाशा आणि लांब ओळ मोडून खाली आणणं या सोयी बंद होतात. कोड लिहिणाऱ्याला शेवटची गोष्ट फारशी जाणवत नाही, पण मराठी मजकूर लिहिणाऱ्याला लगेच जाणवते. आपण परिच्छेद सलग टाइप करतो, मध्ये एंटर देत नाही. ओळ मोडणं बंद झालं की तो पूर्ण परिच्छेद एकच ओळ होऊन उजवीकडे धावतो आणि वाचताना कर्सर पडद्याबाहेर राहतो. कर्सर हरवलेला नसतो. होम बटण दाबा, तो ओळीच्या सुरुवातीला दिसेल.

मग प्रश्न येतो, स्क्रीन रीडर चालू नसतानाही हे का होतं? व्हीएस कोडच्या आत क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा, आहे, आणि कुठलाही प्रोग्राम सहाय्यक तंत्रांसाठी ठेवलेल्या सुलभतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) वाटेने खिडकीतला मजकूर मागू लागला की क्रोमियमला वाटतं, सहाय्यक तंत्र चालू आहे. हा मागणारा प्रोग्राम स्क्रीन रीडरच असेल असं नाही. शुद्धलेखन तपासणारी, पासवर्ड भरणारी किंवा दूरवरून संगणक हाताळू देणारी सॉफ्टवेअरंही याच वाटेचा उपयोग करू शकतात. म्हणून ज्या संगणकावर एनव्हीडीए कधीच नव्हता, तिथेही ही रीत लागलेली दिसते.

आणखी एक कारण आहे. एनव्हीडीए सुरू होताना विंडोजला कळवतो की स्क्रीन रीडर चालू आहे, आणि नीट बंद होताना ती खूण काढून घेतो. कुणी त्याला टास्क मॅनेजरमधून मारून टाकलं, तर खूण काढायची राहून जाते. विंडोजला वाटत राहतं की स्क्रीन रीडर चालूच आहे. यावरचा इलाज आश्चर्य वाटेल असा, पण सरळ आहे: एनव्हीडीए पुन्हा सुरू करा आणि इन्सर्ट व क्यू दाबून रीतसर बंद करा. मग व्हीएस कोड बंद करून उघडा.

आता ती सूचना, जी सगळे घाईने दाबून टाकतात. व्हीएस कोड विचारतो, तुम्ही स्क्रीन रीडर वापरताय का? खालच्या पट्टीतल्या त्या शब्दांवर क्लिक केलं तरी हाच प्रश्न येतो. 'नो' म्हटलं की ही रीत त्या खात्यापुरती कायमची बंद होते. खातं एकट्याचं असेल तर हरकत नाही. पण संगणकावर सगळ्यांचं एकच खातं असेल, तर दुसऱ्या दिवशी तुमचा अंध सहकारी फाइल उघडतो आणि त्याला मजकुराऐवजी ऐकू येतं की हा एडिटर सध्या सुलभ नाही. काल चालत होतं ते आज का नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. ज्याने 'नो' दाबलं त्याला आपण कुणाचं काय बंद केलं याची कल्पनाही नसते. या विषयातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट ही आहे, म्हणून ती ठळकपणे सांगतो: सामाईक खात्यावर त्या प्रश्नाला 'नो' दाबू नका.

त्याऐवजी सेटिंग्जमध्ये 'एडिटर: ॲक्सेसिबिलिटी सपोर्ट' शोधा. त्यात तीन पर्याय आहेत: ऑटो, ऑन आणि ऑफ. सामाईक संगणकावर ऑटो ठेवा. तुम्हाला तेवढ्या वेळापुरती ही रीत नको असेल, तर आज्ञांच्या यादीतून 'टॉगल स्क्रीन रीडर ॲक्सेसिबिलिटी मोड' चालवा, विंडोजवर त्यासाठी शिफ्ट-ऑल्ट-एफ-वन आहे, आणि उठताना पुन्हा ऑटो आहे ना ते बघा. सहकाऱ्याने स्वतः 'सुलभ नाही' असं ऐकलं, तर त्यालाही हीच बटणं सांगून ठेवा.

याच एडिटरमध्ये कर्सर खरंच जाड असेल, ओव्हीआर नसेल, तर 'एडिटर: कर्सर स्टाइल' आणि 'एडिटर: कर्सर विड्थ' ही दोन सेटिंग्ज बघा. विड्थ फक्त स्टाइल रेघेची असतानाच लागू होते. व्हिम या दुसऱ्या एडिटरसारखं वागवणारी जोडणी (एक्स्टेन्शन) बसवलेली असेल तर ठोकळा हा तिचा भाग आहे, तिथे सुलभतेचा काही संबंध नाही.

उच्चाराप्रमाणे टाइप करताना दिसणारा चमत्कार

विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्यतनापासून मराठी आणि कन्नड, दोन्हींचे उच्चारानुसार चालणारे कळफलक विंडोजमध्येच आले. आपल्या भागात ते झपाट्याने पसरले, कारण रोमन अक्षरांत 'khanapur' अशा उच्चाराने टाइप करून मराठी उमटतं आणि विंडोज-स्पेस दाबलं की कन्नड. शब्द पूर्ण होईपर्यंत तो तात्पुरता असतो, खाली रेघ दिसते. या वेळात व्हीएस कोड, निदान जुन्या आवृत्त्यांत, आपला रंगवलेला कर्सर लपवतो, नाहीतर दोन कर्सर दिसले असते. दिसतो तो टाइप करायच्या छुप्या खोक्याचा कर्सर. म्हणून शब्द तयार होताना रेघ वेगळी दिसते आणि स्पेस दाबली की पूर्ववत होते. हा बिघाड नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर अक्षर लगेच पक्कं होतं, तिथे हे दिसत नाही.

तीन भाषांच्या अदलाबदलीचा आणखी एक परिणाम होतो. अनेकांना भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टची सवय आहे. डावा ऑल्ट आणि डावा शिफ्ट धरलेले असताना प्रिंटस्क्रीनला बोट लागलं, तर विंडोज गडद विरोधी रंगांची योजना सुरू करायची का विचारतं. घाईत होकार दिला गेला की सगळ्या खिडक्या काळ्या होतात, व्हीएस कोडही त्याला अनुसरून आपले रंग बदलतो आणि कर्सर पांढरा दिसू लागतो. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की सगळं परत येतं. सहकाऱ्याने ही योजना मुद्दाम लावली असेल, तर व्हीएस कोडमधलं 'विंडो: ऑटो डिटेक्ट हाय कॉन्ट्रास्ट' त्याला विचारून बंद करता येतं.

सगळीकडेच जाड असेल तर

रनच्या खिडकीतही रेघ जाड दिसली, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट कर्सर असं जा. विंडोज १० मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ईज ऑफ ॲक्सेस आहे. खाली जाडीची पट्टी आहे आणि वर कर्सर-दर्शकाचं बटण. हा दर्शक म्हणजे रेघेच्या वर-खाली दिसणारे रंगीत गोळे. तो २०२० च्या मे महिन्यातल्या अद्यतनात आला. दृष्टी अधू असणाऱ्यासाठी तो फार मोलाचा आहे. पानभर मजकुरात आपण कुठे आहोत ते एका नजरेत कळतं.

माझा सल्ला असा: शक्य तिथे जाडी कमी ठेवावी आणि दर्शक वापरावा. देवनागरीत जाड रेघ अडचण करते. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी असते. कर्सर 'नि'च्या आधी आला की जाड रेघ नेमकी त्या वेलांटीवर पडते, आणि ऱ्हस्व आहे की दीर्घ तेच दिसत नाही. दर्शकाचे गोळे ओळीच्या वर-खाली असतात, मजकूर मोकळा राहतो. अर्थात ज्याच्या डोळ्यांसाठी हे आहे त्याने दोन्ही लावून बघावं आणि त्याने ठरवावं.

एवढं करूनही जाडी परत येते? मग बहुधा खात्याच्या सिंकमधून येते. एकच मायक्रोसॉफ्ट खातं दुकानात आणि घरी, दोन्हीकडे लावलेलं असेल, तर सुलभतेच्या आवडी एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. घरी आईसाठी जाड केलेली रेघ खडेबाजारातल्या दुकानात उमटते, आणि दुकानात बारीक केली की घरी आईला दिसेनाशी होते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, विंडोज बॅकअप, 'रिमेंबर माय प्रेफरन्सेस' इथे ॲक्सेसिबिलिटीपुढची खूण काढा. विंडोज १० मध्ये हे 'सिंक युअर सेटिंग्ज'खाली आहे. व्हीएस कोडची स्वतःची सेटिंग्ज सिंकही अशीच वागते, तीही बघा.

रेघ अजिबात लुकलुकत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या कीबोर्डखाली लुकलुकण्याचा वेग आहे. भिंगामुळे सगळंच मोठं दिसत असेल तर विंडोज आणि एस्केप. नॅरेटर चुकून सुरू झाला असेल तर विंडोज-कंट्रोल-एंटर, त्याची निळी चौकट जाईल.

रंगीत चौकट एनव्हीडीएची असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'व्हिजन' विभाग आहे. निळी चौकट कळफलकाचं लक्ष सध्या कुठे आहे (फोकस) ते दाखवते, गुलाबी एनव्हीडीए स्वतः वाचनासाठी ज्या घटकावर आहे त्याला, आणि पिवळी वेबपानं वाचण्याच्या रीतीतल्या (ब्राउझ मोड) कर्सरला. ही सोय मुख्यतः थोडं दिसणाऱ्यांसाठी आणि शेजारी बसून शिकवणाऱ्यांसाठी आहे. पूर्ण अंध सहकाऱ्याला तिची गरज नसते, त्याला विचारून बंद करा. आवाजाचा त्रास होतो म्हणून एनव्हीडीए मारून टाकायची गरज नाही. हेडफोन द्या. दुकानाच्या हिशेबात तो खर्च किरकोळ आहे.

खाती वेगळी करा

कर्सरची जाडी, दर्शक, विरोधी रंग, एनव्हीडीए साइन-इननंतर आपोआप सुरू होणं, व्हीएस कोडची सेटिंग्ज, हे सगळं विंडोजच्या खात्यागणिक वेगळं राहतं. म्हणून सामाईक संगणकावर एकच टिकाऊ उपाय आहे: अकाउंट्समध्ये 'अदर युजर्स' इथून सहकाऱ्यासाठी वेगळं खातं उघडा. साइन-इनच्या पडद्यावरही त्याला आवाज हवा असेल, तर एनव्हीडीएच्या जनरल सेटिंग्जमध्ये तशी खूण आहे. ती सगळ्या संगणकाला लागू होते आणि लावायला प्रशासकाचे अधिकार लागतात. कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक बंद होताच सगळे बदल पुसणारं सॉफ्टवेअर असतं, तिथे हे खातं मूळ प्रतीतच तयार करून घ्यावं लागेल. लॅब सांभाळणाऱ्यांनी नकार दिला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४२ वं कलम माहिती तंत्रज्ञानाच्या सुलभतेबद्दलच आहे, हे त्यांना शांतपणे दाखवा.

खातं उघडताना आणखी एक काम करून टाका. दुकानातल्या जुन्या फाइली जुन्या फाँटांत असतात. त्यांत दिसतं मराठी, पण साठवलेली असतात रोमन अक्षरं. स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरंच वाचतो, आणि ऐकणाऱ्याला काही अर्थ लागत नाही. नेहमीचे अर्ज आणि नमुने युनिकोडमध्ये करून त्याच्या खात्यात ठेवा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आणि कन्नड, दोन्ही आहेत.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर

जोडण्या, म्हणजे एडिटरला किंवा एनव्हीडीएला वरून बसवलेली एक्स्टेन्शन्स आणि ॲड-ऑन्स, एकेक करून बाजूला काढा. व्हीएस कोडच्या आज्ञांच्या यादीत 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' आहे. तो निम्म्या-निम्म्या जोडण्या बंद करत दोषी कोण ते शोधून देतो, तुम्ही फक्त दर वेळी कर्सर ठीक आहे की नाही ते सांगायचं. एनव्हीडीएच्या बाबतीत इन्सर्ट-क्यू दाबल्यावर येणाऱ्या यादीत 'रिस्टार्ट विथ ॲड-ऑन्स डिसेबल्ड' निवडा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्रेफरन्सेसमधल्या एडिटिंग विभागात कर्सरची रुंदी आणि लुकलुकणं एकत्र आहे, तिथे 'ब्लॉक' निवडलेलं नाही ना ते बघा. मग पहिलीच चाचणी पुन्हा करा, रनची खिडकी आणि एडिटर शेजारी शेजारी ठेवून. आणि हे करताना तुमचा सहकारी शेजारी बसलेला असू द्या: प्रत्येक बदलानंतर तुम्ही कर्सर बघा, आणि त्याने त्याची नेहमीची फाइल उघडून ओळ ऐकू येते का ते सांगावं.